निमजे वकिलांची शेपटी

१९९६ च्या पावसाळ्यात वर्ध्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने शेवंताबाई भोयर यांचा भरपाईचा अर्ज फेटाळला. अपघात झाला होता, यावर वाद नव्हता. चूक ट्रकचालकाची होती, यावरही नव्हता. शेवंताबाईंच्या उजव्या खुब्याचे हाड आतून वाळत चालले होते आणि त्यांना काठीशिवाय चालता येत नव्हते, हे सगळ्यांना समोर दिसत होते. पण याच अपघाताबद्दल, याच ट्रकच्या विमा कंपनीविरुद्ध, शेवंताबाईंचा एक दावा चार वर्षांपूर्वी तडजोडीने मिटला होता. तडजोडीच्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' हे शब्द होते आणि खाली शेवंताबाईंची सही होती. एकदा निकाली निघालेले प्रकरण त्याच पक्षांमध्ये पुन्हा चालवता येत नाही. कायद्यात याला प्राङ्न्याय म्हणतात.

शेवंताबाईंचे वकील मारोतराव निमजे होते. चार वर्षांपूर्वीच्या तडजोडीतही तेच होते.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा वर्ध्याचा वार्ताहर होतो. न्यायालयाच्या बातम्या माझ्याकडे होत्या. निकाल सांगण्यापूर्वी न्यायाधीशांनी विचारले, "पहिल्या तडजोडीत अर्जदारातर्फे कोण होते?"

रेकॉर्ड त्यांच्यासमोरच होते. प्रश्न विचारायची गरज नव्हती. निमजे उभे राहिले.

"मीच होतो, साहेब."

"पुढे काही त्रास निघाला तर, असे काही राखून ठेवले नव्हते?"

"नाही, साहेब. हाड जुळले होते. मला वाटले, संपले."

व्हरांड्यात त्यांच्या एका सहकाऱ्याने त्यांना बाजूला घेतले. "निमजे, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर ढकलायचं होतं न. त्यानंच लिहून देल्लं होतं, पेशंट बरा झाला म्हून."

"डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो पाह्यला," निमजे म्हणाले. "मी बाईले चालताना पाह्यलंच नाई. खुर्चीवर बसवली अन् सही घेतली."

नागपूरला उच्च न्यायालयात अपील झाले. तेही फेटाळले गेले.

त्याआधीचे निमजे वकील जिल्ह्यात वेगळ्या कारणासाठी ओळखले जात. त्यांच्याकडे प्रकरण गेले की लवकर मिटते, अशी त्यांची ख्याती होती. आर्वी, आष्टी, हिंगणघाटकडची माणसे त्यासाठीच त्यांच्याकडे येत. दावा वर्षानुवर्षे चालला की जखमी माणूस थकतो, त्याचे घर थकते, आणि शेवटी मिळेल ते तो घेतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ते विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला पहिल्या दोन-तीन तारखांतच टेबलावर आणत. शेवंताबाईंचेही त्यांनी तसेच केले. गिरडच्या दर्ग्यावर नवस फेडून त्या ज्या जीपने परतत होत्या, तिला ट्रकने धडक दिली होती. खुबा मोडला, प्लास्टर झाले, हाड जुळले, आणि वर्षाच्या आत दावा मिटला. त्या काळातल्या निमजे वकिलांच्या दृष्टीने ते चांगले काम होते.

खुब्याच्या हाडाचा गोळा मोडल्यावर दोन-तीन वर्षांनी वाळू शकतो, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते. नंतर ते कोणालाही हे सांगताना स्वतःच्या मांडीवर, नेमक्या जागी, बोट ठेवत.

अपील फेटाळल्यानंतरची गोष्ट. मी त्यांच्या ऑफिसात चहाला बसलो होतो. ऑफिस म्हणजे न्यायालयासमोरच्या गल्लीतली एक लांबट खोली, दोन बाके आणि एक टेबल. शेवंताबाई बाकावर बसल्या होत्या. वर्ध्याला लागून असलेल्या एका खेड्यात त्यांचे घर होते. नवरा गेलेला, मुलगा गवंडीकामाला जाणारा. निमजेंनी टाइप केलेला एक कागद त्यांच्या हातात दिला.

"का आहे जी हे?"

"नोटीस आहे. मायाविरुद्ध. तुमच्या तर्फेनं."

"म्हंजे?"

"मी चूक केली. तुमचं पुढचं दुखणं मी बंद करून टाकलं. त्याची भरपाई मी द्यावी, असं लिवलं आहे. दुसरा वकील पाहून ठेवला, तो चालवते. तुम्ही फक्त सही करा."

शेवंताबाईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. त्यांना वाचता येत होते, पण हळू.

"लिवली कोनं?"

"मीच लिवली."

"तुमीच तुमच्यावर?"

"हाव."

शेवंताबाई हसायला लागल्या. हसताना खुबा दुखला तशा थांबल्या, आणि पुन्हा हसल्या. "माया बुढा असा राह्यता त संसार सोन्याचा झाला असता जी. त्यानं उभ्या जन्मात एक चूक कबूल नाई केली."

"बाई, मी गमतीनं नाई बोलून राह्यलो."

"मीबी नाई." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मांगच्या बारीले तुमी म्हनलं, सही करा बाई, सारं मिटते. मिटलंच सारं. आता मी सही करत नाई. ह्याच्यावरबी नाई, अन् कायच्यावरबी नाई."

"विचार करा."

"केला."

निमजेंनी तो कागद पुढे चार वेळा त्यांच्यासमोर ठेवला. तीन वेळा तो तसाच परत आला. चौथ्या वेळेपर्यंत शेवंताबाई फुटाणे विकू लागल्या होत्या, त्यांनी त्यातच फुटाणे बांधून दिले.

सही न करण्याचा शब्द त्यांनी पाळला. गावातल्या बचत गटात नाव घालायचे होते, तिथे सही लागते म्हणून त्या गेल्या नाहीत. रेशन दुकानात सून जायची. शाळेत नातवाचे नाव घालताना त्या बाहेर उभ्या राहिल्या. गावात थोडी थट्टा झाली, मग लोकांना सवय झाली.

वेचणीला जाणे त्यांना आता शक्य नव्हते. कापूस वेचायचा म्हणजे कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचे, आणि ओटी भरत जाते तसे वजन कमरेवर येते. त्यांनी न्यायालयाच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली फुटाणे, मुरमुरे आणि भाजलेल्या शेंगांचे दुकान मांडले. बसायला उंच खुर्ची लागे. ती निमजेंच्या ऑफिसातून आली होती. मागणी शेवंताबाईंची होती. "तुमच्या खुर्चीवरच सही केली होती मी," त्या म्हणाल्या होत्या. "तेच द्या."

त्यानंतर निमजे वकिलांच्या कामाची पद्धत बदलली.

नवा पक्षकार आला की ते त्याचे नाव विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला असे: "याच्याआधी कुठं सही केली?" माणूस गोंधळे. मग ते उलगडून विचारत. पोलिसात काय लिहून दिले? गाडीवाल्याने घरी येऊन काही कागद नेला का? गावच्या बैठकीत 'आता आमची तक्रार नाही' असे कोणी म्हणाले का, आणि ते कोणी लिहून घेतले का? आधी दुसऱ्या वकिलाकडे दावा टाकून तो मागे घेतला का, आणि घेतला असेल तर पुन्हा टाकायची परवानगी कोर्टाकडून घेतली होती का? बहुतेकांनी काही ना काही केलेले असे. या भागात अपघातानंतर आठवड्याभरात दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, चहा होतो, कोणीतरी स्टँप पेपर आणतो. त्यातले कोणते कागद दाव्याच्या आड येतात आणि कोणते येत नाहीत, हे निमजे शांतपणे सांगत. आड येणारा कागद निघाला तर ते खोटी आशा दाखवत नसत. "हे दार तुम्ही स्वतः लावलं भाऊ. मायाच्यानं उघडत नाई," एवढे म्हणून ते त्या माणसाला चहा पाजत.

दुसरा नियम असा, की जखमी माणसाने स्वतःचे नेहमीचे काम एक पूर्ण हंगाम करून पाहिल्याशिवाय तडजोडीवर सही करायची नाही. दावा ते लगेच दाखल करत. मिटवत नसत. शेतातली बाई असेल तर एक वेचणी जाऊ द्यायची. गवंडी असेल तर उन्हाळ्याचे बांधकाम. हमाल असेल तर कापसाचा मोसम. "दवाखान्यात सारेच बरे असतात," ते म्हणत. "काम करून पाह्यल्यावर समजते का गेलं ते."

आणि तिसरे, सही करायच्या आधी कडुनिंबाखाली जाऊन यायचे. हा नियम त्यांनी कुठे लिहिला नव्हता, पण तो कोणासाठी मोडत नसत. पक्षकार शेवंताबाईंकडे जाई. शेवंताबाई त्याला आधी फुटाणे घ्यायला लावत. मग काठी बाजूला ठेवून खुर्चीवरून उठून दाखवत. त्याला वेळ लागे. फाटकातून येणारे-जाणारे थांबत. उठून झाल्यावर त्या विचारत, "घरी कोनतं काम करते तू? ते करून पाह्यलं का?" पक्षकार काय ते सांगे. "अन् पुढच्या सालचं दुखनं कोनाच्या नावावर लिवलं?"

एका पक्षकाराने त्यांना विचारल्याचे मी ऐकले होते, "तुमी निमजे वकिलाच्या नोकर आहा का, बाई?"

"नाई रे बाप्पा," शेवंताबाई म्हणाल्या. "मी त्यायची चूक आहो."

निमजेंना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "बरोबर सांगतलं."

निमजेंची उंची बेताची, खांदे थोडे पुढे झुकलेले, काळ्या कोटाच्या कोपरांवर चमक. कोर्टात ते नेटकी पुस्तकी मराठी बोलत आणि व्हरांड्यात पाय ठेवताच वऱ्हाडीत येत. चहा बशीतून पीत. 'फुल अँड फायनल' हे शब्द कुठेही कानावर पडले की त्यांचे उजव्या हाताचे बोट वर जाई. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत नवऱ्याकडचे एक काका म्हणाले, "मग आता हे फुल अँड फायनल समजायचं." निमजेंचे बोट वर गेले. बैठक थांबली. त्यांच्या पत्नीने ते बोट धरून खाली केले. हा प्रसंग त्या स्वतः सांगत आणि सांगताना हसत.

बोट वर गेले की त्यामागून एक वाक्य येई. तडजोडीच्या प्रत्येक कागदाच्या शेवटी ते हे वाक्य घालत: ही तडजोड आजपर्यंत कळलेल्या दुखापतीपुरती आहे, याच अपघातातून पुढे नवे दुखणे निघाल्यास त्याच्या उपचाराचा हक्क अर्जदाराने राखून ठेवला आहे, आणि तो विरुद्ध पक्षाला मान्य आहे. शेवटच्या चार शब्दांवर त्यांचा भर होता. एकट्याने राखलेला हक्क कामाचा नाही, समोरच्याने तो मान्य केला पाहिजे, असे ते सांगत. विमा कंपन्यांना हे वाक्य आवडत नसे. त्यांना फाइल बंद करायची असे, आणि या वाक्याने ती उघडी राही. नागपूरहून येणारे अधिकारी त्याला 'निमज्यांची शेपटी' म्हणू लागले. पुढे तालुक्याच्या कोर्टांतही तोच शब्द रुळला. "शेपटी काढा, आत्ता सही करतो," असे अधिकारी म्हणत. "शेपटीसकट करा नाहीतर पुढची तारीख घ्या," निमजे म्हणत.

पुढची तारीख म्हणजे पक्षकाराचा त्रास, हे त्यांना माहीत होते. पूर्वी त्यांनीच त्यावर भाषणे दिली होती.

गिरडकडच्या मंदाचे प्रकरण याच काळातले. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून तिचे उजवे कोपर मोडले होते. ट्रॅक्टरचा विमा होता. कोपर जुळले, दवाखान्याने हात चांगला झाल्याचे लिहून दिले, आणि विमा कंपनीने दिवाळीच्या आधीच बोलणी सुरू केली. मंदाच्या नवऱ्याला मिटवायचे होते. निमजेंनी वेचणी जाऊ द्या म्हटले. नवरा चिडला. "हात तं चांगला आहे न साहेब, काऊन लांबवून राह्यले?" डिसेंबरात निमजे मोपेड काढून तिच्या शेतावर निघाले. मला त्याच बाजूला एका बातमीसाठी जायचे होते. त्यांनी मला मागे बसवले.

शेतात सात-आठ बाया ओळीने वेचत होत्या. निमजे काळ्या कोटात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले. कोर्टातून थेट आल्यामुळे कोट अंगावर राहिला होता. बायांनी काही वेळ दुर्लक्ष केले. मग एक म्हातारी ओरडली, "कोन आहे वो तो? जप्तीवाला का?"

"वकील आहेत मायवाले," मंदा म्हणाली.

"मंग उभे काऊन? ओटी बांधा म्हना त्यायले!"

सगळ्या हसल्या. निमजेंनी कोट काढून मोपेडवर टाकला आणि खरोखरच एक ओटी मागून घेतली. कमरेला बांधताना गाठ सुटली. म्हातारीने येऊन बांधून दिली. "वकीलसाहेब, बोंड ओढू नोका, सुटं करा. तुमी तं झाडालेच नोटीस देऊन राह्यले."

निमजे मंदाच्या शेजारच्या ओळीत तासभर वेचत राहिले. त्यांची ओटी भरली नाही, पण त्यांनी पाहायचे ते पाहिले. मंदा सगळा कापूस डाव्या हाताने वेचत होती. उजवा हात फक्त फांदी धरायला होता. उंच बोंडापर्यंत तो जात नव्हता. ती बोंडे ती मागे सोडत होती आणि म्हातारी, म्हणजे तिची सासू, मागून येऊन न बोलता वेचत होती.

"दुपारून हात सुजते का?" त्यांनी सासूला विचारले.

"रोज सुजते. रात्री मी तेल लावून देतो. पोराले नाई सांगतलं. तो म्हनते, डॉक्टरनं चांगला म्हनला त चांगलाच."

परतताना निमजे मोपेड चालवत एवढेच म्हणाले, "शेवंताबाईले पाहायले मी धुऱ्यावर गेलोच नाई."

मंदाची पुन्हा तपासणी झाली. दाव्यात हाताचे कायमचे अपंगत्व दाखवले गेले. उन्हाळ्यात विमा कंपनीने शेपटीसकट सही केली. दोन वर्षांनी कोपराजवळची नस दबू लागली आणि शस्त्रक्रियेची वेळ आली. निमजेंनी अर्ज केला. कंपनीच्या वकिलाने प्राङ्न्यायाची हरकत घेतली: प्रकरण मिटले आहे, पुन्हा उघडता येत नाही. निमजेंनी उभे राहून तडजोडीचे शेवटचे वाक्य वाचले. त्यात 'मान्य आहे' या शब्दांशी ते थांबले आणि बसले. हरकत नामंजूर झाली. त्या दिवशी ते कोर्टातून बाहेर येऊन थेट कडुनिंबाखाली गेले. शेवंताबाईंनी त्यांच्याकडून फुटाण्यांचे पैसे घेतले नाहीत. तशी ती एकच वेळ.

ते दर वेळी बरोबर ठरले असे नाही. तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या एका हार्डवेअर दुकानदाराचा गुडघा स्कूटरवरून जाताना फुटला होता. रमेशभाऊ म्हणत त्यांना. लोकअदालतीत विमा कंपनीने त्यांच्यासमोर तडजोड ठेवली. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसते, म्हणून निमजे तिथे आणखी सावध असत. त्यांनी शेपटी मागितली. कंपनीने नाकारली. त्यांनी रमेशभाऊंना कडुनिंबाखाली जायला सांगितले.

"मी नाही जात," रमेशभाऊ म्हणाले. "मला माहीत आहे तिथं काय होते ते. ती बाई उठून दाखवते अन् माणूस घाबरते. साहेब, मी दुकानावर बसणारा माणूस. मले कोणता कापूस वेचायचा आहे?"

पॅनेलवरच्या न्यायाधीशांनीही निमजेंना सुनावले. "निमजे, आज सगळ्या टेबलांवर प्रकरणे मिटत आहेत. तुमच्याच टेबलावर माणसे उठून जातात."

"साहेब, मिटवायला माझी हरकत नाही," निमजे म्हणाले. "गुडघ्याला विचारून मिटवावे, एवढेच."

रमेशभाऊंनी त्यांचे ऐकले नाही. दुपारनंतर सही केली. निमजेंनी त्यांच्या बाजूने सही केली आणि शेजारी लिहिले की पक्षकाराला परिणाम समजावून सांगितले आहेत.

गुडघ्याला काही झाले नाही. तीन-चार वर्षांनी रमेशभाऊ संत्र्यांची एक पेटी घेऊन निमजेंच्या ऑफिसात आले, पेटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर उकिडवे बसून उठून दाखवले. एकदा नाही, पाच-सहा वेळा. "पाह्यलं न वकीलसाहेब? तुम्ही उगाच भेव दाखवत होते."

निमजे खुर्चीवरून उठून जवळ आले आणि गुडघ्याकडे वाकून पाहू लागले. "पुन्हा बसा," ते म्हणाले. रमेशभाऊ पुन्हा बसले. "कटकट आवाज येते का?"

"नाही येत."

"बरं झालं. लय बरं झालं." त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "दर साली येऊन बसून दाखवत जाजा."

रमेशभाऊ नंतर दोन वर्षे आले. पेटीतली अर्धी संत्री कडुनिंबाखाली जात.

२००५ नंतर निमजेंनी नवी प्रकरणे घेणे थांबवले. डोळ्यांना कमी दिसू लागले होते. शेवंताबाईंचा खुबा तोवर पूर्ण गेला होता. रात्रीची झोप जाऊ लागली, तेव्हा मुलाने आणि सुनेने त्यांना वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले की सांधा बदलता येईल, आणि गरजू रुग्णांच्या योजनेतून तो बसवून मिळेल. तपासण्या झाल्या, दिवस ठरला, आणि आदल्या दिवशी सगळे अडले. शेवंताबाई संमतीपत्रावर सही करेनात.

डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी समजावले. मुलाने हातापाया पडून पाहिले. सून रडली. "मुलगा करेल न सही," शेवंताबाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले की रुग्ण शुद्धीवर आहे, सही रुग्णाचीच हवी. शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दुपारी मुलगा निमजेंच्या घरी गेला. मी तेव्हा तिथे होतो. निमजेंनी कोट मागितला. पत्नी म्हणाल्या, कोर्टात थोडंच जायचं आहे. त्यांनी कोट घातला.

वॉर्डात पोचल्यावर त्यांनी डॉक्टरांकडून संमतीपत्र घेतले, खिशातून भिंग काढले आणि कॉटशेजारी बसून ते पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागले. वॉर्डातले इतर रुग्णही ऐकू लागले. भूल, रक्त, जोखीम, सगळे त्यांनी वाचले आणि प्रत्येक ओळीनंतर वऱ्हाडीत अर्थ सांगितला. शेवंताबाई अजून भिंतीकडेच पाहत होत्या. शेवटून दुसरी ओळ अशी होती की शस्त्रक्रियेच्या परिणामांबद्दल रुग्णाची व नातेवाइकांची कोणतीही तक्रार राहणार नाही.

निमजेंचे बोट वर गेले.

"बाबा, तो छापील फॉर्म आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळे सही करतात."

"छापील असू द्या. खाली जागा आहे."

"काय लिहिणार?"

"एक वाक्य. तुम्हाला पटलं तर तुमचीही सही लागेल."

त्यांनी पेन काढले. डोळ्यांना कमी दिसे, म्हणून अक्षर मोठे काढले. हयगयीमुळे काही झाल्यास रुग्णाचा हक्क राखून आहे आणि तो दवाखान्याला मान्य आहे, असे ते वाक्य होते. डॉक्टर कागद घेऊन वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठ स्वतः आले, वाक्य वाचले, म्हणाले, "यात गैर काही नाही," आणि त्याखाली सही केली.

साक्षीदाराच्या जागी निमजेंनी नाव लिहिले. पुढे 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. ते थांबले.

"का लिवू, बाई?"

"वकील लिवा," शेवंताबाई भिंतीकडूनच म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "शेपटी लावली का?"

"लावली."

"त्यायनं मानली का?"

"मानली. हे पाहा, सही आहे."

शेवंताबाईंनी भिंग मागून घेतले आणि ते वाक्य स्वतः वाचले. वाचायला वेळ लागला. मग मुलाने त्यांना उठवून बसवले, आणि त्यांनी सही केली.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

निमजे वकील त्या हिवाळ्यात वारले. मी त्यांना शेवटचे पाहिले ते शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने, त्याच दवाखान्यात. शेवंताबाईंना तपासणीला बोलावले होते. निमजे कोट घालून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. डॉक्टरांनी बाहेर येऊन नवा एक्स-रेचा फोटो पाहून सांधा नीट बसल्याचे सांगितले आणि फोटो निमजेंसमोर धरला. निमजेंनी तो हाताने बाजूला केला.

"बाई, चाला," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी काठी सुनेकडे दिली. त्या दारापासून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"पुन्हा," निमजे म्हणाले.

शेवंताबाई पुन्हा चालल्या.